शांतता छावणीचा शिक्का

आलेलं टपाल ऊम ओकर्ट आधी उलटं धरायचे. पाकिटाच्या पाठीवरची चिकटवलेली कड नखानं चाचपायचे. कुणी वाफेवर उघडून परत डकवलंय का, ते बघायचे. विजेच्या बिलाचंसुद्धा.

पाकीट हुंगायचे. जिभेनं कधी काही चिकटवायचे नाहीत. पाहुण्याला खिडकीकडे तोंड करून बसवायचे, म्हणजे उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडे आणि यांचा चेहरा अंधारात राही. कॉफीत रस्क बुडवण्याआधी तो मोडून आत डोकावायचे. एकदा मी विचारलं, आत काय बघता? "बघितलेलं बरं," म्हणाले. कुणी "खरं सांगू का?" अशी सुरुवात केली की लगेच चष्मा चढवायचे.

गुरुवारी ते गेले. अजून मी त्यांच्याबद्दल "करतात" असंच लिहिते आहे, आणि मग खोडते आहे.

ऊम म्हणजे काका. आमच्या फिलिपोलिस गावात वय झालेला प्रत्येक पुरुष ऊम असतो. ओकर्ट लुब्बे यांची हयात लोकरीच्या गोदामात गेली. ते लोकरीची प्रत लावायचे. मेंढरंवाले चांगली लोकर वर ठेवतात आणि मातीनं भरलेली तळाशी दडपतात, हे ते तिथं शिकले. "पोतं नेहमी खालून फोड," हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान.

निवृत्त झाल्यावर ते पाकिटं जमवू लागले. आमच्या पणजोबांच्या लढाईत इंग्रजांनी धरलेल्या बोअर कैद्यांची, म्हणजे आमच्याच माणसांची, पाकिटं. सेंट हेलेना बेटावरची, सिलोनची, बर्म्युडाची, अहमदनगरची. इतक्या लांब नेऊन ठेवलं होतं त्यांना. आतली पत्रं कधीच गेली. काही चुलीत, काही उंदरांच्या पोटात. पाकिटं राहिली. प्रत्येकावर तपासनिसाचा जांभळा शिक्का, आणि बहुतेकांच्या कडेला "लष्करी कायद्याखाली उघडले" अशी कागदाची पट्टी.

मी ब्लूमफाँटेनहून साहित्याची पदवी घेऊन परत आले होते. नोकरी नव्हती. पाकिटं कोऱ्या पानांवर लावून ते दर वर्षी प्रदर्शनात मांडत; त्या पानांवरच्या ओळी मी टंकून द्यायची.

"तुम्ही साहित्यवाले आतलं वाचता," ते म्हणायचे. "आत माणूस खोटं लिहितो. तपासनीस वाचणार, हे त्याला ठाऊक असतं. पाकिटावर खोटं बोलायला जागा नसते."

"आणि शिक्काच खोटा असला तर?"

"म्हणून तर मी आहे, पोरी."

त्यांच्या संग्रहात एक पान कोरं होतं. त्यावर वर फक्त नाव होतं: बेअरेंट लुब्बे. हे त्यांचे आजोबा. सेंट हेलेनावर कैदी होते. त्यांनी तिथं कोरलेली लाकडी पेटी दिवाणखान्यात होती. तिच्यावर धूळ बसलेली मी कधी पाहिली नाही. इंग्रज राजाशी इमान राखण्याच्या शपथेवर सही करा, असं अधिकारी कैद्यांना सांगत. सही करणाऱ्यांना बेटावरच वेगळ्या छावणीत हलवत. तिला शांतता छावणी म्हणत. बेअरेंट लुब्बेंनी त्या कागदावर थुंकून तो परत केला, असं लुब्बे घराण्यात तीन पिढ्या सांगत आले. मागं त्यांची बायको आणि दोन मुलं बेथूलीच्या छावणीत होती, जिथं इंग्रजांनी बायकामुलांना कोंडलं होतं. मुलं तिथंच वारली. ऊम ओकर्ट दरवर्षी त्या दोन दगडांवरची माती हातानं पुसून यायचे.

शेजारी स्नायमन राहतात. त्यांच्या आजोबांनी सही केली होती. या आजोबांनी, लॉरेन्स स्नायमननी, ते कधी लपवलं नाही. "बायको मरायला टेकली होती, मी सही केली," असं चर्चच्या दारात उभं राहून सांगितलं म्हणे. आमच्यात अशा माणसाला हातवऱ्या म्हणतात. हात वर करून शरण गेलेला. ही शिवी नातवाला वारसा म्हणून मिळते.

दोन्ही परसांच्या मधे एक लाकडी फाटक आहे. लढाईहून परत आल्यावर बेअरेंट लुब्बेंनी आंघोळसुद्धा करण्याआधी ते चार खिळ्यांनी ठोकून बंद केलं. गाडीचे जाड खिळे. तेव्हापासून ते उघडलेलं नव्हतं.

पलीकडचे ऊम ट्युनिस स्नायमनही पाकिटं जमवतात. दोघं पाकिटं जमवणाऱ्यांच्या एकाच मंडळाचे सभासद. मंडळाच्या बैठकीत एकमेकांशी बोलायचं असलं तर अध्यक्षांमार्फत बोलत. स्नायमनांच्या जर्दाळूची एक फांदी कुंपणावरून अलीकडे येते. फळं पडत, कुजत. ऊम ओकर्टनी एकही तोंडात घातलं नाही.

"मुद्दाम इकडे वाढवलीय फांदी," ते म्हणायचे.

"झाडाला काय कळतंय, ऊम?"

"झाडाला नाही. छाटणाऱ्याला कळतं."

मार्चमध्ये ब्लूमफाँटेनला लिलाव झाला. गाडी मी चालवली. पाकिटांचा एक जुना गठ्ठा होता, विकणाऱ्याचं नाव गुप्त. मांडून ठेवलेली पाकिटं बघता बघता ऊम ओकर्ट एकाएकी थांबले. मी पाहिलं. पाकिटावर बेथूली छावणीतल्या मिसेस लुब्बेंचा पत्ता होता. अक्षर लाकडी पेटीच्या तळाशी कोरलेल्या नावासारखंच. लांब शेपटीचा बी. तारीख एकोणीसशे दोनच्या सुरुवातीची. आणि जांभळा शिक्का शांतता छावणीचा.

त्यांनी पाकीट जागेवर ठेवलं आणि रुमालानं बोटं पुसली.

बोली सुरू झाली. स्नायमन दोन रांगा पुढं बसले होते. एरवी ते प्रत्येक गठ्ठ्याला हात वर करतात. त्यावरून मंडळात विनोदही चालतात, घराण्याची सवय म्हणून. या वेळी त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि छताकडे बघत राहिले. पाकीट ऊम ओकर्टना मिळालं. जवळजवळ फुकटच.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "पाहिलंस?"

"काय?"

"हात खिशात. जे स्वतः बनवलं, ते माणूस कशाला विकत घेईल?"

"त्यांनी बनवलं? तुम्हाला असं वाटतं?"

"त्याच्याकडे त्याच्या आजोबाचं पाकीट आहे. याच छावणीचं. नमुना घरात, शाई बाजारात. ऐंशी वर्षांचा राग आहे, पोरी. फावल्या वेळात माणूस काय काय करतो."

मलाही ते पटलं, हे लिहून ठेवते. खिशातले ते हात मलाही विचित्र वाटले होते.

पुढचे आठवडे त्यांनी त्या एका पाकिटावर घालवले. ऊन, भिंग, आरसा. कागद जुना निघाला. "जुना कागद मिळतो," म्हणाले. शाई कागदात मुरलेली निघाली. "मुरवता येते." अक्षर आजोबांचं निघालं. त्यावर काही बोलले नाहीत. शिक्क्याच्या अंडाकृती चौकटीला खाली डावीकडे एक चीर होती. त्या चिरेपाशी ते तासन्‌तास बसत. जेवण सुटलं. लाकडी पेटी त्यांनी दिवाणखान्यातून उचलून कपाटात ठेवली. मग परत आणून जागेवर ठेवली.

एका सकाळी मला म्हणाले, "त्याच्याकडे जा. त्याच्या आजोबाचं पाकीट बघायला माग."

दर वर्षी प्रदर्शनात स्नायमन ते पाकीट मांडत. ऊम ओकर्ट त्या टेबलापाशी आले की चष्मा काढून चालत.

मी रस्त्यावरून वळसा घालून गेले. ऊम ट्युनिस व्हरांड्यात मांस वाळत घालत होते.

"लुब्बेनं पाठवलं?" ते म्हणाले. "काय हवंय त्याला? माझं मांस की माझं मरण?"

"तुमच्या आजोबांचं पाकीट. नुसतं बघायला."

त्यांनी हात पुसले. आत गेले. पाकीट प्लॅस्टिकच्या खोळीत घालून आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"घेऊन जा. उन्हात ठेवू नको म्हणावं. बाकी त्याला मी काय सांगणार."

"लिहून देऊ का? मिळालं म्हणून?"

"कशाला? तो चोर नाही. त्याला फक्त सगळे चोर दिसतात."

मी परत आले. ऊम ओकर्टनी पहिला प्रश्न विचारला, "लिहून मागितलं?"

"नाही."

"का नाही मागितलं?"

"तुम्ही चोर नाही, म्हणाले."

त्यांनी चष्मा चढवला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग दोन्ही पाकिटं खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवली आणि भिंग उचललं.

दोन्हीवर तोच शिक्का. तीच अंडाकृती चौकट. स्नायमनांच्या पाकिटावरची तारीख आधीची होती, एकोणीसशे एकच्या अखेरची. त्यावरही चीर होती. पण छोटी. चौकटीच्या कडेपर्यंतच. लुब्बेंच्या पाकिटावर तीच चीर आत पहिल्या अक्षरापर्यंत आलेली.

"रबर आहे," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "वापरून वापरून फाटत जातं. या दोन पत्रांच्या मधे वाढली चीर."

"म्हणजे?"

"याच्यावरून नक्कल केली असती तर चीर एवढीच आली असती. वाढलेली आली नसती."

"ऊम ट्युनिसनी मुद्दाम वाढवून काढली असेल तर?"

ते हसले. त्या महिन्यात पहिल्यांदाच. "इतकं डोकं असतं तर तो ट्युनिस नसता."

मग हसू गेलं. बोट लुब्बेंच्या पाकिटाच्या तारखेवर ठेवलं. "मुलं गेल्याचं पत्र तोवर बेटावर पोचलं असेल," म्हणाले. "सही केली की घरी सोडतील, असं वाटलं असेल आजोबाला. बायको एकटी राहिली होती."

मग त्यांनी बोट स्नायमनांच्या पाकिटावर सरकवलं.

"एकाच छावणीत होते, माझा आजोबा आणि त्याचा," ते म्हणाले. "एकमेकांना रोज दिसत असतील. आणि परत येऊन माझ्या आजोबानं काय केलं? आंघोळीआधी खिळे ठोकले. त्याला कळलं होतं, आधी जो ओरडेल त्याच्याकडे कुणी संशयानं बघत नाही." मग म्हणाले, "आणि यानंही सही केली होती, हे पलीकडचा लॉरेन्स मरेपर्यंत कुणाला बोलला नाही. एका शब्दानं नाही."

बाहेर फांदीवर जर्दाळू नव्हते. मोसम संपला होता. तरी ते तिकडंच बघत होते.

मी म्हणाले, "पाकीट परत देऊन येऊ?"

"नको. ते मी देईन. माझ्या हातानं." दारापर्यंत मला पोचवायला आले. "आणि ते कोरं पान टंकायला घे. शिक्का कुठला, ते स्पष्ट लिही. छावणीचं नाव गाळू नकोस."

हे बुधवारचं.

गुरुवारी सकाळी मी गेले तेव्हा घर उघडं होतं. ऊम ओकर्ट परसात होते. फाटकापाशी उपड्या घातलेल्या खोक्यावर बसले होते, पाठ कुंपणाला. मला वाटलं, दम खातायत. हातोडी पायाशी होती, आणि कळ दाबून बसवलेली पकड चौथ्या खिळ्याला लटकलेली. तीन खिळे बाहेर काढून खोक्याच्या कडेला एका ओळीत ठेवलेले. प्रत्येक खिळा वाकलेला, गंजानं लाल. शर्टाच्या खिशात, गुंडी लावून, खोळीतलं स्नायमनांचं पाकीट.

डॉक्टर म्हणाले, हृदय.

शनिवारी मी फाटकापाशी गेले. पलीकडे ऊम ट्युनिस उभे होते. सूट घातलेला, दफनाहून आल्यावर काढलाच नव्हता.

"तू तिकडं काय करतेस?" ते म्हणाले.

"तुमचं पाकीट द्यायचं होतं."

त्यांनी हात पुढं केला नाही.

"खरं सांगू का?" म्हणाले. मला चष्मा चढवावासा वाटला, पण माझ्याकडे चष्मा नाही. "गुरुवारी मी ठोकाठोक ऐकली. फाटकावरच. म्हटलं, पाकीट बघून याचं डोकं फिरलंय, हा आणखी खिळे मारतोय. मी रेडिओचा आवाज वाढवला. बाहेर आलो नाही."

मी चौथ्या खिळ्याकडे बघितलं.

"काढतोय, हे मला कसं कळणार? लुब्बे घराण्यातल्या कुणी कधी काही काढलंय?"

"लिलावात तुम्ही बोली का नाही लावली?" मी विचारलं.

"त्याचं होतं ते. नाव बघितलं, शिक्का बघितला. माझ्या हातात आलं असतं तर त्याला माझ्याकडे मागायला यावं लागलं असतं. बोली वाढून कुणा तिसऱ्याच्या हातात गेलं असतं तर सगळ्या प्रदर्शनात फिरलं असतं. म्हणून हात खिशात ठेवले. मला माझ्या हातांचा भरवसा नाही, ते आपोआप वर जातात. ते त्याला कळलं का?"

"खिशाचं नाही कळलं," मी म्हणाले. "तुम्ही नक्कल केलेली नाही, ते कळलं होतं."

त्यांनी मान हलवली. मी पाकीट कुंपणावरून पुढं केलं.

"वरून नको," ते म्हणाले. "तो वरून देणार नव्हता."

मग ते घरात गेले.

चौथा खिळा अर्धा बाहेर आहे. पकड अजून त्याच्या डोक्याला तशीच घट्ट धरून लटकते आहे. मी दोनदा जोर लावला. हलत नाही. पाकीट माझ्या टेबलावर आहे, उन्हापासून लांब.