ग्लास रिकामा होईपर्यंत

माझं अक्षर सुंदर आहे. हे मी म्हणत नाही, शाळेपासून लोक म्हणत आले, आणि माझ्यावर आलेली निम्मी संकटं त्या अक्षरामुळेच आली. ताजं संकट तीन वर्षांपूर्वीचं. जबलपुरातल्या आमच्या सरकारी कार्यालयात नवे साहेब आले आणि त्यांच्या मागोमाग संगणकावर फाइली फिरवण्याची नवी पद्धत आली. कोणती फाइल कोणाकडून कोणाकडे जाते, याचा नकाशा कागदावर काढून द्यायचा होता. साहेबांनी माझी एक जुनी टिपणी पाहिली आणि म्हणाले, “राइटिंग तो बढ़िया है आपकी। आप ही बनाइए।”

मी हुरळलो. पट्टी, पेन्सिल घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी गेलो आणि तुम्ही नक्की काय करता, असं विचारू लागलो. एरवी दिवसभर दिसेल असं काही न करणारी माणसंही अर्धा अर्धा तास बोलली. एकाला तर तीन चौकोन हवे होते. शेवटी मी ताईंकडे गेलो. ताई म्हणजे आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या बाई, बाकीच्यांच्या दीदी. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

“मी काय करते? काही नाही रे बाबा,” त्या म्हणाल्या. “मी तर नुसती फिरून राहिली.”

मी काही लिहिलं नाही. फिरण्याचा चौकोन कसा काढणार?

आता त्या फिरत म्हणजे काय, ते सांगतो. रोज अकराला ताई एका कापडी पिशवीत अडलेल्या फाइली गोळा करत आणि खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर पसरत. चहा येई. शेजारी चिवड्याचा डबा उघडा. ज्याची ज्या फाइलीवर हरकत असेल त्याने तिथे येऊन, सगळ्यांच्या देखत सांगायची. नियम एकच: हातातला चहाचा ग्लास रिकामा होईपर्यंत हरकत लिहायची, नाहीतर सोडायची. उगाच अडवणाऱ्याला ताई म्हणत, “चाय ठंडी हो रही है भैया, लिखो या छोड़ो।” बहुतेक जण सोडत. दोन ओळी बदलून तिथल्या तिथे सही होई. आम्ही याला काम मानतच नव्हतो, चहा मानत होतो.

माझा नकाशा साहेबांना फार आवडला. सरळ बाण, नेटके चौकोन. त्यावरून संगणकात सगळं बसवलं गेलं. प्रत्येकाच्या पडद्यावर दोन बटणं आली: ‘पुढे पाठवा’ आणि ‘परत करा’. कुणाला काही विचारायचं बटण नव्हतं, कारण माझ्या नकाशात कुणी कुणाला काही विचारतच नव्हतं. साहेबांनी फर्मान काढलं की आता फाइल हातात घेऊन कुणी हिंडायचं नाही आणि चहा ज्याने त्याने आपापल्या जागी प्यायचा. ताईंची पिशवी खुंटीला लागली.

महिनाभर मी नाकाने कांदे सोलत हिंडलो. मग एके दिवशी पडद्यावर एक लाल ठिपका दिसला. एक अर्ज एकोणीस दिवस अडला होता. उघडला तर ताईंचा. त्यांची लेक कॅनडात, पहिलटकरीण. बाळंतपणाला जायचं होतं. व्हिसा आलेला, पण परदेशी जायला कार्यालयाची परवानगी हवी, आणि तिच्याशिवाय तिकीट काढता येत नव्हतं. आस्थापनेचे बाबू म्हणत होते, आधी दक्षता विभागाचा होकार जोडा. दक्षतेचे बाबू म्हणत होते, आधी आस्थापनेची शिफारस जोडा. अर्ज सात वेळा इकडून तिकडे गेला होता. हे दोघे एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसतात. खुर्च्या मागे सरकल्या तर एकमेकांवर आपटतात.

मी तडक ताईंकडे गेलो. त्या रिकाम्या टेबलापुढे ताठ बसल्या होत्या. डॉक्टरने दिलेली तारीख बारा दिवसांवर होती.

“ताई, पहिल्याच दिवशी स्वतः का नाही गेलात त्या दोघांकडे? तुम्हाला कोणी नाही म्हटलं असतं?”

“दुसऱ्याची फाइल घेऊन फिरता येते रे,” त्या म्हणाल्या. “आपली घेऊन कशी फिरू? लाज नाही वाटत का?” आणि मग हळूच, “पोरगी रोज विचारते, आई कधी निघून राहिली.”

मला स्वतःच्या अक्षराचीच चीड आली. खुंटीवरची पिशवी काढली, अर्ज छापून तिच्यात घातला आणि मोठ्या टेबलावर चार चहा मागवले. दोन्ही बाबूंना हाताला धरून आणलं.

“मैंने तो लौटा दिया था,” दक्षतेचे म्हणाले.

“मैंने भी,” आस्थापनेचे म्हणाले. दक्षतेच्यांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “अरे, ये आपके पास ही घूम रहा था क्या?”

तेवढ्यात साहेब दारात. “ये क्या हो रहा है?”

माझ्या तोंडातून निघालं, “सर, प्रोसेस।” आणि माझ्या वाट्याचा चौथा ग्लास त्यांच्या हातात दिला. गरम ग्लास हातात असला की माणसाला रागावता येत नाही, हे ताईंचंच शास्त्र. साहेबांनी उभ्याउभ्या अर्ज वाचला, सातही फेऱ्या वाचल्या आणि खुर्ची ओढून बसले. बाबूंनी आपापली बटणं दाबली. साहेबांचा ग्लास संपायच्या आत परवानगी निघाली.

पुढच्या आठवड्यात ताई कॅनडाला गेल्या. संगणकात आता ‘विचारा’ असं तिसरं बटण आहे. ते फारसं कुणी दाबत नाही, पण अकराला टेबल भरतं आणि साहेबही येतात.

ताई निघाल्यावर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी चहा चालू असताना फोन वाजला. ताईंचा संदेश होता: “नात झाली. दोघी बऱ्या आहेत. मी दोन दिवस आधी पोचली. चहा चालू आहे ना?”

दोन दिवस. माझ्या नकाशाने खाल्लेले एकोणीस आठवले. टेबलावर सगळ्यांना हिंदीतून वाचून दाखवलं, मग उत्तर लिहिलं: “चालू आहे, ताई. पिशवी घेऊन आता मी फिरून राहिलो.”