डावा मडगार्ड

बाबांची गाडी विकायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला व्हायला हवा होता. शाळेत असताना मी तिच्या वायपरखाली हाताने लिहिलेलं निषेधाचं पत्रक अडकवलं होतं. एवढं पेट्रोल पिणारं यंत्र नुसत्या हौसेसाठी बाळगणं हा इतरांच्या श्वासावरचा दरोडा आहे, असं काहीतरी त्यात होतं. बाबांनी ते कार पार्कमध्ये उभ्या उभ्या वाचलं, शुद्धलेखनाच्या चुका सांगितल्या आणि घडी घालून खिशात ठेवलं. तेव्हापासून ते मला कॉम्रेड म्हणतात. पुढे मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत लागले, तेव्हा त्या हाकेला धार आली. "कॉम्रेड बँकेतून दमून आल्यात, चहा टाका त्यांना."

पत्रकांची सवय आईच्या माहेरची. आजोबांचा सोलापुरात लहानसा छापखाना होता आणि संपांची, मोर्च्यांची, पाण्याच्या प्रश्नाची पत्रकं ते पदरमोड करून छापत. आई लग्न होऊन सिंगापूरला आली ती त्यांचा एक गठ्ठा बरोबर घेऊन. मी मराठी वाचायला शिकले ती त्यांवर. जवळपास प्रत्येकात एक ओळ जाड टाइपात असायची: याला जबाबदार कोण? हा प्रश्न नेहमी वर, लांब बसलेल्या कुणाला तरी विचारायचा असतो, अशी माझी समजूत होती.

बाबा जहाजांवर इंजिनिअर होते. मग बंदरातलं काम मिळालं, ते किनाऱ्याला लागले आणि एका जहाज एजंटाच्या विधवेकडून त्यांनी ही गाडी घेतली. अमेरिकन, सत्तर सालच्या आसपासची, आठ सिलिंडरची, ऑस्ट्रेलियात विकण्यासाठी उजवीकडे स्टिअरिंग बसवून पाठवलेली. तसल्या गाड्या मुळात थोड्या, आणि उरल्यासुरल्या लोकांनी रंगवून, सीट बदलून, क्रोम चढवून नव्या केलेल्या. बाबांच्या गाडीला कुणी हात लावला नव्हता. गडद हिरवा रंग कारखान्यातलाच होता, टपावर उन्हाने फिका पडलेला. सीटचं काळं रेक्झिन मूळचं. बॉनेटच्या आतल्या बाजूला कुण्या कामगाराने खडूने केलेली खूण अजून दिसायची आणि ती जाऊ नये म्हणून बाबा तिथे फडकंही फिरवत नसत. त्या खुणेपुरतं माझं आणि गाडीचं जमायचं. सरकारच्या जुन्या गाड्यांच्या योजनेत असल्यामुळे ती वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर आणता यायची. एरवी ती पुंगोलमधल्या आमच्या ब्लॉकशेजारच्या कार पार्कमध्ये कापडाखाली झाकलेली असायची.

गेल्या वर्षी तिच्यावर पहिला ओरखडा आला. डाव्या मडगार्डवर, पांढरा. कार पार्कचे खांब पांढरे आहेत. बाबा म्हणाले, कुणीतरी घासून गेलं. मग डाव्या दारावर पिवळट रेघ उमटली. कुणीतरी घासून गेलं. डावा आरसा दुमडलेला सापडला, तेव्हाही तेच. चिडून त्यांनी शेजारच्या जागेत गाडी लावणाऱ्याच्या काचेवर चिठ्ठी ठेवली. आई म्हणाली, त्याची गाडी तर आपल्या उजवीकडे असते.

त्याच दिवसांत बाबांच्या ताटात चटणी राहायला लागली. आई ताट शिस्तीने वाढते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि आमटी उजवीकडे. बाबांच्या ताटात उजवीकडचं साफ व्हायचं आणि डावीकडचं जसंच्या तसं राहायचं. आईने समजूत करून घेतली की आंबट-तिखट बाधत असेल. एक दिवस तिने त्यांच्या आवडीची कारळ्याची चटणी मुद्दाम कुटली. तीही राहिली. आई दुखावली.

"नको असेल तर सांगावं माणसाने."

"अगं, पण तू वाढलीच कुठे?"

आईला ती थट्टा वाटली. मी ताटाकडे पाहिलं, मग बाबांकडे. ते थट्टा करत नव्हते. मी त्यांचं ताट अर्धं फिरवलं. डावीकडचं उजवीकडे गेलं आणि बाबांचा चेहरा खुलला. "ही बघ, आता वाढलीस," असं म्हणून त्यांनी चटणीला बोट लावलं. भाजी आता डावीकडे गेली होती. तिला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, भाजी संपली का?

आई हातातली पळी घेऊन तशीच उभी राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत. मेंदूत जिथे दृश्य उमटतं तिथे केव्हातरी एक लहानसा झटका येऊन गेलाय आणि समोरच्या जगाची डावी बाजू पुसली गेलीय. तिथे काळोख दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं काहीतरी ओढून ती जागा भरून काढतो. म्हणून माणसाला आपलं काय गेलंय ते कळत नाही. मान वळवून बघायची सवय लावता येईल, पण गाडी चालवायची नाही. घरी परतताना बाबा म्हणाले, "समोरचं सगळं मला स्वच्छ दिसतं." ते खोटं बोलत नव्हते, आणि मला भीती त्याचीच वाटली. इथे गाड्या रस्त्याच्या डाव्या कडेने चालतात. डावीकडे फुटपाथ असतो, बसस्टॉप असतो, शाळेतून सुटलेली मुलं असतात, सायकली असतात.

मी भांडले. दुसऱ्यांच्या जिवाशी खेळायचा हक्क तुम्हाला कुणी दिला, असं विचारलं. ते म्हणाले, "पत्रक छाप." आईने किल्ली डाळीच्या डब्यात लपवली, तर दुसरी त्यांच्या शर्टाच्या खिशात निघाली. त्यांच्या मते चाळीस वर्षं इंजिनं सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांबद्दल दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. गाडी खाली उभी आहे तोवर ते ती चालवणार, हे आम्हाला कळून चुकलं. म्हणजे गाडीच जायला हवी होती. रस्त्यावर लांब कुठे अँब्युलन्सचा आवाज आला की बाबा घरात आहेत ना, ते आई बघायची. मी ऑफिसमध्ये फोन पालथा ठेवायचे, मग सुलटा करायचे.

शेवटी एका संध्याकाळी आईनेच विषय काढला. मऊ आवाजात म्हणाली, "अहो, गाडी काढायची ना आता?"

बाबा बातम्या बघत होते. "काढू की," ते म्हणाले. "रविवारी काढू."

इतक्या सहज होकार मिळेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. ते पुन्हा फिरायच्या आत मी फोटो टाकून जाहिरात दिली. बरेच फोन आले. त्यांतला एक दातांचा डॉक्टर होता, पाया लेबारच्या एका मॉलमध्ये दवाखाना असलेला, पन्नाशीचा इथलाच चिनी माणूस. गाडीवर पुन्हा रंग चढलेला नाही ना, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. डावीकडचे ओरखडे खांबाला घासल्याचे आहेत असं सांगून त्याला मी रविवारी सकाळी बोलावलं.

रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट विंचरून खाली आले. आठवडाभर ते रोज कार पार्कमध्ये जाऊन बॅटरी, तेल, टायरची हवा बघत होते, गिऱ्हाइकासाठी असेल असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी आलेल्या दातांच्या डॉक्टरांशी हात मिळवला आणि मला मराठीत म्हणाले, "शेवटी कॉम्रेड सुधारल्या. स्वतःहून पाहुणा आणला गाडीत बसायला. किनाऱ्यापर्यंत एक चक्कर मारून आणतो यांना."

आई माझ्याकडे बघायला लागली. आम्हा दोघींना एकदमच उमगलं. गाडी काढणं म्हणजे विकून मोकळं होणं आणि गाडी काढणं म्हणजे फिरायला बाहेर आणणं. आईने एक विचारलं होतं, बाबांनी दुसऱ्याला हो म्हटलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत ते आत बसले आणि त्यांनी इंजिन चालू केलं. त्या बंदिस्त जागेत तो आवाज पायांतून वर चढतो. आई काहीतरी ओरडली, ते मलाच ऐकू आलं नाही. मी धावत पुढे गेले आणि दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवले. बॉनेट थरथरत होतं. बाबांनी हाताने मला बाजूला व्हायची खूण केली. तेव्हा मला डॉक्टर दिसले. ते डाव्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून, मोबाइलचा उजेड पाडून मडगार्ड तपासत होते. बाबांपासून चार हातांवर. बाबांचा हात गिअरवर होता.

"बाबा, डॉक्टर कुठे आहेत?" मी ओरडले.

त्यांनी मान वळवून शेजारची सीट बघितली, ती रिकामी होती. मग समोर बघितलं, उजवीकडे बघितलं. "गेले वाटतं," तेही ओरडून म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टरांनी मडगार्डच्या कडेवरून डोकं वर काढलं. त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं. इंजिनाच्या वर आवाज चढवून, पण अगदी सहजपणे म्हणाले, "अंकल, धिस वन नॉट पिलर लाह." म्हणजे हा ओरखडा खांबाचा नव्हता.

जिथे कुणी नव्हतं तिथून आलेला तो आवाज ऐकून बाबा दचकले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा बघायला मिळू नये असं वाटतं. त्यांनी इंजिन बंद केलं.

डॉक्टर दाखवत होते ती रेघ पांढऱ्या ओरखड्याच्या खाली होती. लाल, बोटभर रुंद. तिच्या शेजारी रबराचा काळा डाग होता, सायकलच्या हँडलला असतं तसल्या रबराचा. उंचीही तेवढीच. बाबा खाली उतरले, मान पूर्ण वळवून त्यांनी ती रेघ पाहिली, मग डोळे मिटून बोटाने चाचपली, जहाजावर बेअरिंग चाचपायचे तशी.

"सुरुवात पुढून आहे," ते म्हणाले. "गाडी चालती होती. जे काय होतं ते बाजूला पडलं असणार."

"कधी झालं, बाबा?"

"मला नाही माहीत."

"काही आवाज? धक्का?"

"या इंजिनात आवाज कसला येतोय," ते म्हणाले. नंतर खूप हळू, "माणूस होता का गं त्यावर?"

डॉक्टरांना वाटलं आम्ही गाडीच्या किमतीची चिंता करतोय. ते धीर द्यायला लागले की घाबरू नका, लाल रंग वरच्यावर आहे, डाग उचलणारी क्लेची वडी जरा फिरवली की निघेल, खालचा मूळ रंग शाबूत आहे. मूळ रंग शाबूत आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला त्यांचा इतका राग आला की मी इंग्रजी विसरले. बाबांनीच त्यांना नम्रपणे म्हटलं की कृपा करून तिथे हात लावू नका. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कॉम्रेड, चौकीवर चला."

पोलीस चौकीतला मुलगा तरुण होता, सौम्य होता. त्याने विचारलं, कुठे झालं? कधी? समोर कोण होतं? तिन्हींना आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने आमच्याबरोबर कार पार्कमध्ये येऊन फोटो काढले, रबराचा डाग खरवडून पिशवीत घेतला. चौकीत परतून, अशी तक्रार सध्या तरी दिसत नाही, असं म्हणाला, पण सगळेच तक्रार करतात असं नाही. बाबांनी पाकिटातून लायसन्स काढून काउंटरवर ठेवलं. तो म्हणाला, "ते इथे नाही अंकल, ऑनलाइन करायचं असतं." बाबा ते परत उचलेनात. शेवटी मीच उचललं आणि घरी येऊन ते काम पुरं केलं.

काही आठवड्यांनी चौकीवरून फोन आला की तुम्ही गाडी विकू शकता, लागलं तर कळवू. दातांच्या डॉक्टरांनीच ती घेतली. बाबांनी एकच अट घातली, की ती लाल रेघ पुसायची नाही, कारण कुणी विचारत आलं तर ती दाखवता यायला हवी. डॉक्टर हसून कबूल झाले. त्यांच्या लेखी तीही त्या गाडीवरची एक अस्सल खूण होती. ते शब्दाला जागतील की नाही, मला सांगता येत नाही. गाडी ट्रकवर चढवली तेव्हा बाबा खाली आले नाहीत.

मला वाटलं होतं, गाडी गेली की घरातली भीती जाईल. आता रस्त्यावर कुणाला धोका नाही, हे खरं आहे. मी ज्यासाठी भांडले ते मिळालं. पण आमच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नाही की ते वेळेत मिळालं की नाही.

बाबा रोज संध्याकाळी पुंगोलच्या पाण्याकाठी फिरायला जातात. तिथे सायकलींची वेगळी वाट आहे, बापलेक, कामावरून परतणारे, डिलिव्हरीवाले सगळे जात असतात. बाबा एका बाकावर बसतात आणि मान पूर्ण डावीकडे वळवून येणारी प्रत्येक सायकल बघतात. लाल असली की उभे राहतात. चालवणाऱ्याचा चेहरा बघतात, मग हात, मग पाय. कधीकधी मी बरोबर असते. परवा एक बाई लाल सायकल हाताने ढकलत, एक पाय ओढत गेल्या. बाबा त्यांच्या मागे निघाले. मीही उठले आणि त्यांच्या डाव्या बाजूने चालायला लागले.