साडीवर आलेले पाहुणे रंग

सक्करदऱ्याला मनोहररावांचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो काढतात ते, पण ‘धुते’ त्यांची बायको प्रेमिला. रीळ जाऊन वर्षं लोटली, पाण्याचा थेंब लागत नाही, तरी घरात शब्द तोच. प्रेमिलाची शाळा दहावीपर्यंत, तीही कुहीकडच्या खेड्यातली. पण कॅमेऱ्याची गुपितं तिला शेजारणींच्या गुपितांइतकीच पाठ. संगणकापुढे बसायच्या आधी ती पडद्याला हात जोडते.

"अगरबत्तीबी लाव," मनोहरराव म्हणतात.

"धुरानं यंत्र खराब होते, नाही तं लावलीच असती."

त्या सकाळी कोराडीहून मनकर्णाबाई आल्या त्या तणतणतच. महिन्यापूर्वी त्यांच्या पियुषचं लग्न झालं होतं. त्याचा अल्बम त्यांनी टेबलावर आपटला.

"काहून वं प्रेमिला, मले बदनाम करून राहिली का?"

नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं बाईंनी रंगाची साडी अंगाला लावली नव्हती. पोराच्या लग्नातही पांढरीच नेसल्या, करड्या बारीक चौकडीची. पण फोटोत त्याच साडीवर हिरव्या-गुलाबी लाटा उठल्या होत्या!

"परवा पूजा आहे. थोरली जाऊ येईन, पुष्पलता. अल्बम मागनच. अन् साऱ्या नात्यात सांगन, विधवा बाई पोराच्या लग्नात हिरवं नेसून मिरवली."

प्रेमिलानं कॅमेऱ्यातली कच्ची फाइल उघडली. फोटो इतका मोठा केला की पडद्यावर नुसते ठिपके उरले.

"हे पाहा. एकेका ठिपक्याले एकच रंग समजते. कोणाले लाल, कोणाले निळा, अन् हिरवेवाले दुप्पट. बाकीचे दोन रंग तो शेजाऱ्यायले विचारून लावते."

"म्हंजे आमच्या कॉलनीवानी!"

"तसंच. साधी भिंत असली तं शेजारी बरोबर सांगते. तुमची चौकडी पडली लई बारीक. लालवाल्यापुढे पांढरं आलं, बाजूच्या हिरव्यापुढे करडी रेघ. झाला गुलाबी! पुढं उलटं पडलं, तिथं हिरवा."

"म्हंजे माह्या साडीत काहीच नाही ना? मंग काढून टाक."

प्रेमिलानं रंग भरायची दुसरी रीत लावली. वेळखाऊ, पण रेघेची दिशा पाहून, सावकाश अंदाज करणारी. उरलासुरला रंग हातानं पुसला. लाटा गेल्या, साडी पांढरी-करडी झाली. बाईंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. त्या मात्र पडद्यावर वाकल्या.

"थांब वं. पह्यलेवाला दाखव जरा."

दाखवला.

"आता साधा... पुन्हा तो."

असं पाच वेळा झालं. प्रेमिला गालातलं हसू दाबून बटण दाबत राहिली.

"बरी दिसतो का वं मी त्याच्यात?"

"देवाशपथ सांगतो, रंग खोटे हायत. पण शोभून राहिले तुमाले."

बाईंनी पदर उगीच सारखा केला.

"साधा नको. अल्बमात हाच असू दे, हिरवा."

"अन् पुष्पलताबाई?"

"तिनं विचारलं तं सांगन, हो, नेसली होती म्हणून!"

"अवं पण नेसल्या कुठं तुमी?"

"तिले काय माहीत? लग्नाले आली कुठं ती, रुसून बसली होती. अन् एक मोठा करून दे, काच लावून. परवा पूजेच्या आधी पाह्यजे."

प्रेमिलानं वही ओढून माप विचारलं. मनकर्णाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही हात होतील तेवढे लांब पसरले.