न ओतलेली कळशी

त्सोन्का, तुझी तांब्याची कळशी अजून माझ्याकडेच आहे. तू मागत नाहीस, म्हणून काय झालं? तुला आवडो न आवडो, सगळं लिहून टाकते.

त्सोन्का दिमोवा आमच्या रोदोपी डोंगरातल्या गावच्या वाचनगृहात झाडलोट करी, पण उन्हाळी मेळ्यात राज्य तिचं. कुरणावर मंच उभा राहिला की फळ्यांवर ताडपत्री, तिच्यावर काळं लिनोलियम, सांध्यांना चिकटपट्टी, सगळं तिच्या हातचं. तंबूत निजणाऱ्यांना अंथरायच्या ताडपत्र्याही तीच देई. परत घेताना उजेडापुढे धरून भोकं शोधी. कुणी बुटांनिशी मंचावर चढलं की, "बापाचं अंगण आहे का?" सरपंचालाही सुटका नव्हती.

त्या वर्षी तिची मुलगी रालित्सा नाचणार होती. राजधानी सोफियाच्या नृत्यमंडळाचे लोक बघायला आले होते. पसंत पडली तर त्यांच्याच गाडीतून तडक जायचं. आमच्याकडे कुणी मोठ्या कामाला निघालं की पायांपुढे पाणी ओततात, काम पाण्यासारखं सरळ वाहावं म्हणून. रालित्सा मंचाच्या पायरीशी भरली कळशी घेऊन आली.

"आई, ओत ना. ओंजळभर!"

"इथे? घसरून तोंडावर आपटशील."

"बाकीच्यांच्या आया ओततात."

"त्यांना कुठे सांधे पुसावे लागतात! गाडीत बसताना ओतते, अख्खी कळशी. पळ!"

पोरगी कोरड्या पायांनी चढली, देखणी नाचली, पसंत पडली. तेवढ्यात ढग आले. त्सोन्का गुडघ्यांवर बसून पट्ट्या उपटू लागली. लिनोलियमखाली पाणी शिरलं की ते वाया. गाडीचा भोंगा वाजला. "आले, आले!" ती ओरडली. गुंडाळी खांद्यावरून उतरेपर्यंत गाडी वळणाआड.

हिवाळ्यात तालमीत रालित्साचा गुडघा मोडला. शस्त्रक्रिया ठरली.

"माझ्यामुळे," त्सोन्का म्हणाली.

"काहीतरीच!" मी म्हटलं. "गुडघा पाण्यानं मोडतो का?"

"पाण्यानं नाही, मास्तरीणबाई. न ओतल्यानं."

तिनं कळशी माझ्या हातात कोंबली. "तुम्ही सोफियाला निघालाच आहात. ती दवाखान्यात जायला निघेल तेव्हा पुढे ओता."

"स्वतः जा की!"

"तिला तोंड कसं दाखवू?"

सोफियात रालित्साच्या घरमालकिणीकडे पोचले. नळ होता, उंबरा होता. "तिला कालच दवाखान्यात नेलं हो," मालकीण म्हणाली.

रालित्सा आता चालते; नाचत नाही. कळशी माझ्या ओट्याखाली कोरडी पडली आहे, आणि त्सोन्का माझ्या घरी आली की त्या ओट्याकडे पाठ करून बसते.