चाक बदलायला लागणारा वेळ

सोमवार, १७ नोव्हेंबर २००३, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. माझ्या नोंदवहीच्या पहिल्या पानावरची ही पहिली ओळ. तिच्याखाली लिहिले आहे, 'मुख्य चाक, डावे. सुरुवात.' त्या क्षणी मी नाशिकच्या विमानतळालगतच्या एका हँगरमध्ये, पन्नास आसनांच्या एका विमानाच्या पंखाखाली, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून उभी होते. वय चोवीस. पदवी भौतिकशास्त्रातली, वर औद्योगिक व्यवस्थापनाची पदविका. नोकरीला लागून पाच आठवडे झाले होते आणि जगातील कोणतीही गोष्ट मोजता येते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

कंपनी लहान होती. एका विमानसेवेची छोटी विमाने ठरावीक तासांनंतर आमच्याकडे येत. अकरा मेकॅनिक ती उघडत, तपासत, दुरुस्त करत आणि परत पाठवत. त्या वर्षी मुंबईच्या मुख्य कार्यालयाने दोन गोष्टी ठरवल्या होत्या. पहिली, देखभालीची पद्धत बदलायची. पूर्वी ठरलेल्या मुदतीला प्रत्येक झाकण उघडले जाई. आता काही भाग केवळ लक्षण दिसले तरच उघडायचे. पूर्वी एकाने काम करायचे आणि दुसऱ्याने ते तपासून सही करायची, असा नियम होता. आता बऱ्याच कामांत काम करणाऱ्यानेच स्वतःची सही करायची. दुसरी गोष्ट पहिलीतूनच निघत होती. अकरा माणसे कशाला? सात पुरतील का? 'पुरतील का' या प्रश्नाचे उत्तर काढण्यासाठी मला नेमले होते. कोणत्या कामाला किती मिनिटे लागतात, ते मोजायचे आणि अहवाल द्यायचा. आमच्या हँगरच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "अहवाल नेटका झाला तर एप्रिलपासून तुम्ही मुंबईला." मला मुंबईला जायचेच होते. आकडा आणि बदली यांचा संबंध मी वहीत लिहिला नाही, पण तो मला ठाऊक होता.

घरी हे काम समजावून सांगणे अवघड गेले. आमचा शेवंतीचा आणि भाजीचा मळा. तिथे काम करणारा वाकलेला असतो; उभा असतो तो पाहुणा. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे ते काम करतात आणि तू नुसती बघतेस? आणि पगार तुलाच जास्त?" मी तिला कार्य-मापनशास्त्राचे महत्त्व सांगितले. ती म्हणाली, "बरं. डबा विसरू नको."

चाक बदलणे हे काम मी मुद्दाम निवडले. त्याला स्पष्ट सुरुवात आणि स्पष्ट शेवट असतो. विमान जॅकवर उचलायचे, चाक उतरवायचे, ब्रेकची झीज बघायची, बेअरिंगला ग्रीस भरायचे, नवे चाक चढवायचे, ते हाताने फिरवत फिरवत मधला मोठा नट ठरलेल्या जोराने आवळायचा, तो सुटू नये म्हणून अडकण लावायची. मग दुसऱ्या मेकॅनिकने येऊन नट आणि अडकण तपासायची आणि सही करायची. नव्या पद्धतीत ही दुसरी सही जाणार होती.

चाकाचे काम बहुतेक वेळा ज्यांच्या हाती असे, त्यांना सगळे काका म्हणत. ते सायखेड्याचे; अठ्ठावीस वर्षे विमानांच्या पोटाखाली काढलेले. वाचायच्या चष्म्याला त्यांनी, नट सैल होऊ नयेत म्हणून पिळतात त्या सेफ्टी वायरची दांडी केली होती आणि तिचा पीळ कोणत्याही इंजिनावरच्या पिळाइतकाच नेमका होता. त्यांच्या जोडीला सटाण्याचे एक दादा असत; चाळिशीचे, रुंद, आणि तोंडाला अजिबात अडकण नसलेले.

पहिल्या दिवशी मी स्टॉपवॉच दाबल्याबरोबर दादांनी विचारले, "मॅडम, शिंक आली तर घड्याळ थांबतं का?"

"नाही. शिंक वैयक्तिक सवलतीत धरतात."

"ऐकलं का काका? शिंकेची सवलत शे आपल्याला!" दादांच्या तोंडी सटाण्याची अहिराणी आली.

"तू शिंकू नको," काका जॅकचा दांडा हलवत म्हणाले. "तू शिंकला की टायरची हवा कमी होती."

मी हसले नाही. निरीक्षकाने तटस्थ राहावे, असे पुस्तकात होते. वहीवर मान घातली आणि बावन्न मिनिटांनी काम संपल्याची नोंद केली.

पुढच्या दोन आठवड्यांत मी चौदा चाके मोजली. सरासरी बावन्न मिनिटे. पन्नासच्या खाली दोनदा, पंचावन्नच्या वर एकदा. इतके एकसारखे आकडे मला प्रयोगशाळेतल्या लंबकानेही कधी दिले नव्हते. एका संध्याकाळी मी आलेख काढला आणि त्याच्याकडे एखादी मुलगी नव्या साडीकडे बघेल तशी बघत बसले. इतर कामांचेही तसेच होते. त्रैराशिक मांडले तर सात माणसे पुरत होती. साहेबांना मी तोंडी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "छान. स्वच्छ आकडा आहे. शुक्रवारपर्यंत कागदावर द्या."

चार माणसे घरी जाणार होती. मला ते समजत होते. मात्र ते मला 'अकरा वजा सात' असे समजत होते. चहाच्या वेळेला मेकॅनिकांमध्ये याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. मी आले की ते थांबत नसत, उलट आवाज वाढवत.

"उद्यापासून पायलटनंच चाक बदलावं. उतरायचं, बदलायचं, उडायचं."

"अन् सही पण त्यानंच करायची. स्वतःच्या मागं उभं राहून स्वतःला बघायचं."

"लक्षण दिसलं तरच उघडायचं म्हणे," काका म्हणाले. "तडा काय हात वर करून सांगतो का, मी इथं हाय म्हणून?"

बुधवारी मी शेवटचे तपशील घ्यायला टूल स्टोअरमध्ये गेले. तिथला रिवाज असा होता की, प्रत्येक मेकॅनिककडे त्याच्या क्रमांकाचे पितळी बिल्ले असत. हत्यार नेले की त्याच्या खुंटीवर आपला बिल्ला अडकवायचा. परत आणले की बिल्ला उचलायचा. संध्याकाळी एकही बिल्ला खुंटीवर उरता कामा नये, कारण उरलेला बिल्ला म्हणजे विमानाच्या पोटात विसरलेले हत्यार. बिल्ला लागल्याची आणि निघाल्याची वेळ स्टोअरच्या ताई एका जाड रजिस्टरमध्ये लिहीत. त्या मितभाषी होत्या. त्या दिवशी मात्र आपणहून म्हणाल्या, "तुम्ही घड्याळ घेऊन आल्यापासून माझं बरं चाललंय हो. नट आवळायचा मोठा पाना लवकर परत येतो. आधी अर्धी दुपार वाट बघायला लागायची."

मी म्हटले, "आधी म्हणजे?"

"तुम्ही यायच्या आधी. आणि तुम्ही नसता तेव्हाही. काल तुम्ही वरच्या मीटिंगला होता ना? काल पुन्हा तसंच."

मी रजिस्टर मागितले. त्या म्हणाल्या, "इथंच बसून बघा, बाहेर न्यायचं नाही." मी हत्यारांच्या पेटीवर बसले आणि मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी उतरवायला लागले. चाक बदलायला लागणारी हत्यारे ठरलेली होती, त्यामुळे काम ओळखणे सोपे होते. चहाची सुट्टी आणि मी समोर उभे राहून मोजलेली चौदा चाके वजा केली. दोन नोंदी संशयास्पद वाटल्या, त्या सोडून दिल्या. उरलेल्या एकसष्ट चाकांची सरासरी आली अठ्ठ्याहत्तर मिनिटे.

बावन्न आणि अठ्ठ्याहत्तर. मी दोनदा बेरीज केली, मग तिसऱ्यांदा. एवढी तफावत घड्याळाच्या चुकीने येत नाही. ती कुठून आली, हे विज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पहिल्या मिनिटाला सुचायला हवे होते. मला तीन आठवडे लागले. मी मोजत होते म्हणून ते धावत होते.

मी सरळ काकांकडे गेले. ते एका ब्रेकच्या चकत्या ओळीने मांडत होते.

"काका, मी समोर असले की तुम्ही लवकर काम करता."

"मग?"

"सव्वीस मिनिटं लवकर!"

"सव्वीस?" त्यांनी दादांकडे पाहिले. चेहऱ्यावर काळजी नव्हती, अभिमान होता. "मला वाटलं, पंधराएक असतील."

"अहो, पण का?"

"तुम्ही घड्याळ घेऊन समोर उभ्या अन् आम्ही गोगलगायीवानी चालायचं? अठ्ठावीस वर्षांत काही बिघडलं तरच माणसं खाली येतात, ओरडायला. नीट चाललेलं काम बघायला कोण आलं? तुम्ही पहिल्याच."

दादांचे कारण वेगळे होते आणि ते त्यांनी मान खाली घालून सांगितले. "सगळे म्हणत होते, जो फास्ट त्याला ठेवतील. म्हणून मी यांच्यापेक्षा फास्ट. मग हे माझ्यापेक्षा. मग ते पलीकडचे चौघं आमच्यापेक्षा."

म्हणजे अकरा जण, प्रत्येक जण स्वतःची नोकरी वाचवण्यासाठी, आळीपाळीने सिद्ध करत होते की अकरा जणांची गरज नाही. आणि त्याचा आलेख मी काढला होता. मी त्यांना ते त्रैराशिक तिथेच, ग्रीस लागलेल्या कार्डबोर्डवर करून दाखवले. बावन्न मिनिटांनी सात माणसे. अठ्ठ्याहत्तर मिनिटांनी अकरा. दादांनी तो कार्डबोर्ड हातात घेतला.

"काका," ते म्हणाले, "आपणच आपला पत्ता कापला."

"मी पुन्हा मोजते," मी म्हणाले. "उद्या. तुम्ही नेहमीसारखं काम करा, बस्स."

काकांनी चष्मा काढला. "नेहमीसारखं म्हणजे हळू?"

"हळू नाही. नेहमीसारखं."

"पोरी, तू समोर असताना ते व्हायचं नाय. अन् मुद्दाम हळू केलं तर ते खोटं. तुझ्या वहीत मी खोटं लिहून देणार नाय."

दुसऱ्या दिवशी मी तरीही मोजले. एकावन्न मिनिटे. काका घामाघूम झाले होते आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

शुक्रवारी मी दोन्ही आकडे घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते चांगले गृहस्थ होते. त्यांच्यावर मुंबईचा दबाव होता आणि तो ते माझ्यावर फारसा येऊ देत नसत. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"बावन्न तुम्ही स्वतः, समोर उभं राहून मोजलंत."

"हो."

"आणि अठ्ठ्याहत्तर स्टोअरच्या रजिस्टरमधून. म्हणजे ऐकीव. मग खरा आकडा कोणता?"

"दोन्ही खरे आहेत, सर. पहिला शर्यतीचा आहे, दुसरा दिवसभराचा. शंभर मीटर धावणाऱ्याचा वेग घेऊन तो मनमाडला किती वाजता पोहोचेल, हे आपण काढत नाही."

"मुंबईला फक्त एक आकडा हवाय."

"मग दुसरा पाठवा. आणि बावन्न मिनिटांत चाक बसवताना दुसऱ्या सहीला मिळालेला वेळ मी वेगळा काढलाय. चाळीस सेकंद. पूर्वी, सहीच्या कागदांवरच्या वेळांनुसार, चार मिनिटं असायचा. ती सही काढून टाकायची असेल तर काढा, पण ती निरुपयोगी आहे असा निष्कर्ष माझ्या आकड्यांतून निघत नाही."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "तुम्हाला एप्रिलमध्ये मुंबईला जायचं होतं ना?"

"अजूनही जायचंय."

"या अहवालावर?"

वीस मिनिटांत तो अहवाल पुन्हा टाइप करता आला असता. रजिस्टरचा परिच्छेद गाळला तरी कोणाच्या लक्षात आले नसते. चौदा निरीक्षणे, एकसारखी, आलेखासह. परीक्षकाने पूर्ण गुण दिले असते. मी म्हणाले, "याच अहवालावर, सर. दुसरा माझ्याकडे नाही."

निर्णय जानेवारीत आला. चार नाही, दोन माणसे कमी. चाके, ब्रेक आणि इंजिन धरून ठेवणारे बोल्ट यांच्यावर दुसरी सही कायम. बाकी ठिकाणी नवी पद्धत. याला विजय म्हणावे की नाही, यावर मी आणि स्टोअरच्या ताई एकदा बोललो आणि एकमत झाले नाही. जाणाऱ्या दोघांपैकी एक सटाण्याचे दादा होते. त्यांनी स्वतःच नाव दिले. गावाकडे ठिबक सिंचनाच्या पंपांचे दुकान टाकायचे होते, असे ते सगळ्यांना सांगत. मला निघताना म्हणाले, "मॅडम, तिथं कुणी घड्याळ घेऊन येणार नाही. मी पंप उघडून दिवसभर बसेन." मग दारातून वळून, "तुमची चूक नव्हती बरं का. धावलो आम्हीच." माझी काहीच चूक नव्हती, असे मला आजही वाटत नाही. मोजणाऱ्याने आपण खोलीत उभे आहोत, हे विसरता कामा नये. मी विसरले होते.

एप्रिलमध्ये मुंबईला दुसरेच कोणी गेले. मी दीड वर्षाने गेले, तेही वेगळ्या कंपनीत. त्यामुळे निर्णयानंतरचे पहिले मोजमाप माझ्याच वाट्याला आले. नऊ माणसांवर काम कसे चालते, हे मुख्य कार्यालयाला तीन महिन्यांनी हवे होते. माझ्या त्रैराशिकाने अपेक्षित आकडा पंचाण्णव मिनिटे सांगितला होता.

मी एप्रिलच्या एका सकाळी पुन्हा पंखाखाली उभी राहिले. काकांच्या हाताखाली आता पलीकडच्या गटातला एक अबोल मेकॅनिक होता. शिंकेबद्दल कोणी विचारले नाही. काका धावले नाहीत. नट आवळून झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि दुसऱ्या सहीसाठी, या कामात हात नसलेला माणूस बोलावला. तो दुसऱ्या विमानाच्या शेपटीत अडकलेला होता. पूर्वी हाताशी कोणीतरी असे. काका चाकाला टेकून जमिनीवर बसले. मी घड्याळ चालू ठेवले.

"लिहितेस ना हे?" त्यांनी विचारले.

"लिहितेय."

"रिकामा बसला, असं लिहू नको."

वहीत 'रिकामा वेळ' असा स्तंभ छापलेलाच होता. मी तो खोडला आणि वर 'दुसऱ्या सहीची प्रतीक्षा' असे लिहिले. माणूस आला, त्याने टॉर्च लावून नट पाहिला, अडकण बोटाने हलवून पाहिली, पूर्ण चार मिनिटे घेतली आणि सही केली. काका उठले. मी बटण दाबले.

प्रतीक्षा, सव्वीस मिनिटे. एकूण, सत्त्याण्णव.