वकीलकाकूंचा उंबरा

वकीलकाकूंच्या स्वयंपाकघरात गॅसचं सिलिंडरसुद्धा पाणी शिंपडल्याशिवाय जात नसे. सिलिंडरवाला ते मागच्या पडवीत ठेवून जायचा, काकू त्यावर तुळशीचं पाणी शिंपडायच्या आणि मग आम्ही दोघी ते ओढत आत न्यायचो. "कुठकुठून हिंडून आलंय कुणास ठाऊक," त्या म्हणायच्या. अशा बाईनं साठी उलटल्यावर कुत्र्याला अडथळ्यांवरून उड्या मारायला शिकवलं, हे मी कुणाला सांगितलं तर लोक अजून माझ्याकडेच संशयानं बघतात.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या वहिनी. काका वकील होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला परराज्यातल्या या शहरात, आबिड्सच्या बाजारपेठेत नोकरी लागली आणि मी नांदेडहून त्यांच्या बरकतपुऱ्यातल्या घरी राहायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघराचा उंबरा दाखवला. देव आतच होते, म्हणून अंघोळ केल्याशिवाय तो ओलांडायचा नाही आणि महिन्याचे चार दिवस तर अजिबात नाही. त्या दिवसांत माझं ताट पडवीत यायचं. मी धुसफुसायचे, पण काकूंपुढे बोलायची टाप नव्हती.

गुंड्या आला तो त्यांच्या मुलामुळे. शिरीषनं लॅब्रेडॉरचं पिल्लू हौसेनं आणलं, त्याचं नाव रॉकी ठेवलं आणि दोन महिन्यांत अमेरिकेचा व्हिसा हातात पडल्यावर ते आईच्या पदरात टाकून तो निघून गेला. तेव्हा घराघरातून असंच कुणी ना कुणी उडत होतं. रॉकीचा गुंड्या झाला. काकूंनी त्याला शिकवलं ते एकच. उंबऱ्यापाशी आला की त्या "अंहं" म्हणायच्या. ओरडणं नाही, मारणं नाही. आठवडाभरात तो उंबऱ्याच्या अलीकडे पाय जुळवून बसायला लागला. बाकी सगळीकडे मात्र त्यानं हैदोस घातला. दूधवाल्याला पाडलं, शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या गाद्या फाडल्या. शेवटी शिरीषनं फोनवर फर्मान काढलं, की शहराबाहेर शेत असलेले त्याच्या मित्राचे वडील महिन्याअखेर गाडी घेऊन येतील, त्यांना कुत्रं देऊन टाक. काकू "बरं" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ त्या गुंड्याच्या कानामागे खाजवत बसल्या. त्याला देऊन टाकायची कल्पना त्यांना सहन होत नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

त्याच सुमारास आमच्या गल्लीत केबल आली होती. एका दुपारी काकूंनी मला हाक मारली. पडद्यावर परदेशातली कुत्री दांड्यांवरून उड्या मारत, बोगद्यातून घुसत, खांबांमधून नागमोडी पळत होती आणि त्यांच्या बरोबरीनं एक पिकल्या केसांची बाई धावत होती. "माझ्याच वयाची असेल," काकू म्हणाल्या. "बघ, कुत्रं कसं शहाण्यासारखं ऐकतंय. दमवलं की द्वाडपणा जातो." मी हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर मागच्या अंगणात खानसाब उभे. माझं हसू तिथंच थिजलं.

खानसाब पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. काकांनी कधीकाळी त्यांचा खटला लढवला होता, तेव्हापासून ते येऊन जाऊन असायचे. येणं म्हणजे पडवीपर्यंत. तिथल्या कोनाड्यात त्यांचा कान तुटलेला कप वेगळा असायचा. चहा वरून ओतायचा आणि कप त्यांनीच विसळून ठेवायचा. हे इतकं ठरून गेलेलं होतं की कुणाला काही वाटत नसे, निदान कुणी तसं बोलत नसे.

"अबी बच्चा है बाई, हड्डियाँ कच्चे हैं," खानसाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "पैले डंडा जमीन पे. कूदना बाद में." घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यातल्या बोळात त्यांनी एक बांबू आडवा टाकला, म्हणजे गुंड्याला वळसा घालून जाता येऊ नये. पलीकडे काकू बिस्कीट घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नऊवारीचा कासोटा घट्ट खोचला होता. मी बघतच राहिले तर म्हणाल्या, "कासोटा धावायलाच असतो. इतकी वर्षं उगाच नेसून बसले."

गुंड्या सुसाट आला आणि बांबूपाशी कचकन थांबला. पाय जुळवून बसला. बिस्किटाकडे बघून त्याची लाळ गळत होती, पण तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. खानसाबांनी डोकं खाजवलं. "पूरी नौकरी में ऐसा कुत्ता नै देखा. सब कूदते, ये सलाम करके बैठ जाता." शेताची गाडी यायला आठवडा उरला होता. काकूंनी बांबूकडे पाहिलं, पाय जुळवून बसलेल्या गुंड्याकडे पाहिलं आणि हातातलं बिस्कीट त्याच्यापुढे टाकलं. "त्याचं काही चुकत नाही हो," त्या म्हणाल्या. "जमिनीवर आडवं लाकूड दिसलं की थांबायचं, हे मीच शिकवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची पूजा झाली. सोवळ्यातच, देवांकडे पाठ करून त्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गुंड्या, ये." मी पडवीत भाजी निवडत होते. माझ्या हातातली जुडी निसटली. मला खरंच वाटलं, काकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय.

गुंड्यालाही तसंच वाटलं असावं. तो उंबऱ्याशी येऊन थरथरत उभा राहिला. काकू खाली बसल्या, नैवेद्याच्या वाटीतला दहीभात त्यांनी हातावर घेतला आणि हात पुढे केला. त्यानं एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि वर पाहिलं. "अंहं" काही आलं नाही. मग तो आत गेला. काकूंनी त्याला कुशीत घेतलं आणि त्या रडल्या. मी भानावर येऊन म्हटलं, "काकू, पाणी तापवू का? पुन्हा अंघोळ..." त्या म्हणाल्या, "राहू दे."

त्या संध्याकाळी गुंड्यानं बांबू ओलांडला. मग काय, कुंड्यांमधून नागमोडी, पोत्यांच्या बोगद्यातून आरपार, आणि शेजारी काकू धापा टाकत. गाडी आली तेव्हा गुंड्या दमून त्यांच्या पायाशी पडला होता. पाहुण्यांनी चहा घेतला आणि रिकामी गाडी परत नेली. फोनवर शिरीष नुसता "आई, तू धावतेस?" एवढंच विचारत राहिला.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या रविवारी. खानसाब नेहमीसारखे कोनाड्यातला कप काढायला गेले, तर कप नव्हता. काकू आतून म्हणाल्या, "खानसाब, अंदर आओ."

"नक्को बाई, यहीं अच्छा है. इत्ते साल..." खानसाब उंबऱ्याच्या अलीकडे उभे. पाय जुळलेले.

"कुत्ता अंदर, तुम बाहेर. मेरेकू देखा नै जाता." काकू म्हणाल्या. "मैंच शरमिंदी हूँ, खानसाब."

खानसाबांनी चपला काढल्या, आत गेले, आणि काकूंनी मांडलेल्या पाटावर बसले. मी पडवीत माझं ताट घेऊन बसले होते, माझे ते चार दिवस होते. घास हातात तसाच राहिला. काकूंनी मान वळवली.

"तू कसला मुहूर्त बघतेयस?" त्या म्हणाल्या. "ताट घे आणि आत ये."

पुढे लग्न होऊन मी काचीगुड्याला गेले. काकू गेल्या तेव्हा गुंड्या म्हातारा झाला होता आणि घरात वर्दळ म्हणून खानसाबांनी त्याला आपल्याकडे नेलं होतं. तेराव्याला स्वयंपाकघरात पंगत बसली होती. नांदेडची सगळी वडीलधारी मंडळी सोवळ्यात. मी वाढत होते. मागच्या दारी चाहूल लागली. खानसाब गुंड्याला घेऊन पडवीत उभे होते. आतली मंडळी पाहून ते तिथंच थांबले, पाय जुळवून. शेजारी गुंड्याही तसाच बसला.

माझे वडील पहिल्या पाटावर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. वाढण्याचं भांडं खाली ठेवलं.

"खानसाब, अंदर आओ," मी म्हणाले. "गुंड्या, ये."

आखडलेले पाय एकेक करून उचलत गुंड्यानं उंबरा ओलांडला. त्याच्यामागून खानसाब आले. पंगतीतले हात जिथल्या तिथं थांबले, आणि मी आणखी एक पाट मांडला.