खडकावरचे कपडे

काल मीटिंगमध्ये एका बांधकाम कंपनीच्या साहेबांनी पडद्यावर एका परदेशी नदीचा फोटो लावला. तिथे ते धरण बांधणार आहेत. तिकडच्या सरकारने बिल थकवलं तर आपलं सरकार भरून देईल, अशी हमी आमच्या ऑफिसने द्यायची आहे.

“काठ अगदी मोकळा आहे, मॅडम. तिथं कोणी राहत नाही.”

मला मात्र खडकावर वाळत घातलेले कपडे दिसत होते. त्यात एक लहानसा फ्रॉक होता आणि तो उडू नये म्हणून कुणीतरी त्यावर दगड ठेवला होता.

“हे कुणाचे?” मी विचारलं.

“असतील कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याचे.”

येणारा-जाणारा कधी फ्रॉकवर दगड ठेवून जातो का? कपडे वाळत घालणारी बाई ते काढायला परत येते. जामीन राहण्याआधी माणसाचं घर पाहून यावं, असं वडील सांगायचे. मला तर त्या नदीचं नावही धड उच्चारता येत नाही.

आज सही करायची आहे. निघण्याआधी बाल्कनीत लेकीचा फ्रॉक वाळत घातला, चिमटा लावला. संध्याकाळी ही बाल्कनी इथेच असेल, याची हमी मी कधी कुणाकडे मागितलेली नाही.